चिनी पुडी आणि घरची गोळी

प्रश्न : ताई, माझा मुलगा नानजिंगला एमबीबीएस करतो. थंडी सुरू झाली की सर्दी-ताप ठरलेला. रूममेट त्याला ‘गान्माओलिंग’ नावाची पुडी गरम पाण्यातून देतो. जडीबुटीच आहे म्हणे. सोबत मी दिलेली क्रोसिन आणि सर्दीची गोळी चालूच. पण मग पोरगा दिवसभर झोपतो. चिनी औषध उष्ण पडत असेल का? सुट्टीत तो ह्यांच्यासाठीही पुड्या आणणार आहे. ह्यांना बीपी आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : उष्ण वगैरे काही नाही हो. झोपेचं कारण पुडीवरच छापलेलं असतं, फक्त चिनीत.

नवऱ्याच्या नोकरीपायी मी सात वर्षं ग्वांगझूला काढली. पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या आजींनी हीच पुडी आणून दिली. तपकिरी दाणे, पाणी ओतलं की काकवीचा रंग, चव आधी गोड, मग कडवट. काढाच तर आहे, म्हणून मी दिवसाला तीन घेतल्या, वर घरून नेलेली क्रोसिन. तिसऱ्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या होऊन डाळ करपली तरी मला जाग नाही! मग आजींच्या नातीने पुडीच्या पाठीवर नख टेकवून एकेक अक्षर वाचलं. रानशेवंती, पुदिन्याचं तेल, आणखी काही वनस्पती आणि सहा अक्षरांचा एक लांबलचक शब्द. तो निघाला पॅरासिटामॉल, पुडीमागे 200 मिलिग्रॅम. शिवाय क्लोरफेनिरामिन. झोप आणतं ते हे.

क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉलच, आणि तुमच्या सर्दीच्या गोळीतही बहुधा क्लोरफेनिरामिन असेल, पाकीट बघा. म्हणजे लेकरू दोन्ही औषधं दुहेरी घेतंय. पॅरासिटामॉल जास्त झालं की फटका यकृताला. पुडी किंवा गोळ्या, एकच काहीतरी घ्यायला सांगा. (डॉक्टर व्हायला निघालाय, मागची बाजू वाचायला नको?)

ह्यांच्यासाठी मात्र पुड्या नकोतच. सर्दीच्या काही चिनी औषधांत माह्वांग नावाची वनस्पती असते, त्यातलं एफेड्रिन बीपी वाढवतं. ज्येष्ठमधही फार पोटात गेलं तर तेच.

मला पटला तो आजींचा स्वयंपाकघरातला उपाय. त्या आधी विचारायच्या, थंडी वाजते की घसा जळतो? थंडी असेल तर आलं, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग आणि तपकिरी साखर उकळायची. घसा लाल असेल तर आलं बंद. सुमारे 1800 वर्षांपूर्वीच्या चांग चुंगचिंग या वैद्याचा एक काढा आहे, दालचिनीच्या डहाळ्यांचा. तो प्यायल्यावर थोड्या वेळाने गरम पातळ पेज प्यायची आणि पांघरूण घेऊन पडायचं. अंग नुसतं ओलसर व्हावं, घामाच्या धारा नकोत, असं त्यानेच बजावलंय. माझ्या माहेरी, राजापूरकडे, तापात हेच करत, फक्त काढ्याऐवजी पेजेसोबत मेतकूट.

तांदूळ तिथे मिळतोच, पोराला पेज शिकवा. आणि ताप तीन दिवसांवर गेला तर सरळ दवाखाना गाठू दे.