गहू सोडण्याआधी तपासणी का करायची?

"गहू बंद केल्यापासून मला खूप बरं वाटतंय. मग आता तपासणी कशाला?" माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या अनेकांनी हा प्रश्न विचारला आहे. त्याच्या आडून बहुतेक वेळा आणखी एक प्रश्न डोकावत असतो: "हे सगळे माझ्या मनाचे खेळ तर नाहीत ना?" एका शिक्षिकेच्या अनुभवातून दोन्हींचं उत्तर देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्या माझ्याकडे आल्या त्या पोटदुखीसाठी नाही, भीतीसाठी. ताट समोर आलं की छातीत धडधडायचं. त्याआधीची काही वर्षं पोट फुगणं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठता आणि न जाणारा थकवा यांत गेली होती. "ताण घेऊ नका" हा सल्ला पुष्कळदा मिळाला होता. शेवटी त्यांनी स्वतःच वाचून गहू सोडला आणि काही आठवड्यांत पोट बरंच शांत झालं. पण मग शंका पसरत गेली. गहू बाधतो तर डाळ कशावरून बाधत नसेल? अंडी? टोमॅटो? एकेक पदार्थ सुटत गेला, वजन उतरलं, कुणाकडे जेवायला जाणं थांबलं. नवरा वैतागून म्हणायचा, "तुझ्या डोक्यात काहीतरी खूळ शिरलंय."

अशा वेळी समुपदेशकाने फार सावध राहायला हवं, असं माझं ठाम मत आहे. माणूस घाबरलेला आहे म्हणून त्याचा आजार खोटा ठरत नाही. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की तोंडात सारखे फोड येत होते, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नव्हतं आणि त्यांच्या आईची हाडं कमी वयातच ठिसूळ झाली होती. हे ऐकल्यावर मी आधी त्यांना पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. भीतीवरचं काम त्याच्या जोडीने चालणार होतं.

शंका होती ती सीलिअ‍ॅक आजाराची. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे अशा व्यक्तीची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे आतड्यातले बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. म्हणून लोह, कॅल्शियम पोटात जाऊनही अंगी लागत नाही. जगभरात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो आणि कित्येकांना पोटाचा त्रास जाणवतही नाही.

तपासणीची सुरुवात टीटीजी-आयजीए या रक्तचाचणीने होते. सोबत रक्तातलं एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) मोजतात, कारण ते मुळातच कमी असेल तर चाचणी खोटा दिलासा देते. पण मुख्य अडचण वेगळी आहे. या आजारात ग्लुटेन खाल्ल्यामुळे शरीर स्वतःविरुद्धच तयार करत असलेली प्रतिपिंडं ही चाचणी शोधते. ग्लुटेन बंद झालं की ती हळूहळू ओसरतात, आतडंही भरून येऊ लागतं. मग आजार असूनही रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो. या शिक्षिकेच्या बाबतीत तेच झालं. घरी लगेच शिक्का बसला: "बघ, काही नाहीये तुला."

डॉक्टरांनी मग जनुकांची चाचणी केली. ती गहू न खाताही करता येते. डीक्यू-२ आणि डीक्यू-८ हे जनुकांचे दोन्ही प्रकार नसतील तर सीलिअ‍ॅक जवळजवळ बाद होतो. पण ते असले म्हणून आजार सिद्ध होत नाही, कारण शंभरातल्या तीस-चाळीस लोकांमध्ये ते असतात. यांच्यात ते सापडले. आता एकच मार्ग उरला होता, डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे रोज गहू खाऊन पुन्हा तपासणी करायची.

हे ऐकून त्या माझ्यासमोर रडल्या. "मॅडम, महत्प्रयासाने बरी झालेय, आता मुद्दाम आजारी पडू?" मी त्यांना पटवायची घाई केली नाही. कारण तो त्रास खरा होता आणि निर्णय त्यांचा होता. एवढंच सांगितलं की निदान झालं नाही तर पुढची सगळी वर्षं तुम्ही अंदाजावर काढाल. अंदाजावर पाळलेलं पथ्य एक तर ढिलं पडतं, नाहीतर वाढत वाढत सगळं ताट गिळतं. तुमचं दुसरं झालंय.

त्या तयार झाल्या. त्या आठवड्यांत आम्ही एक वही ठेवली. घास घेण्याआधी भीती किती, दहापैकी आकडा लिहायचा. नंतर काय खाल्लं, काय त्रास झाला आणि किती वेळाने, ते वेगळं लिहायचं. काही दिवसांतच वहीने दोन गोष्टी सुट्या करून दाखवल्या. भीती गव्हापुढे जेवढी होती तेवढीच डाळीपुढे आणि अंड्यापुढे होती, पण पोटाचा त्रास गव्हानंतरच पुन्हा पुन्हा येत होता. म्हणजे शरीर एका पदार्थाबद्दल बोलत होतं आणि भीती सगळ्यांबद्दल. "म्हणजे मी वेडी नाहीये," त्या म्हणाल्या. वही बंद करून त्यांनी पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला. या वेळी प्रतिपिंडं वाढलेली निघाली आणि आतड्याच्या बायोप्सीने, म्हणजे आतड्याचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीने, सीलिअ‍ॅकचं निदान पक्कं केलं.

नवऱ्याला मी पुढच्या भेटीला बोलावलं. त्यांना काळजी होती, पण "थोडंसं खाल्लं तर काय होतंय?" हे काही सुटत नव्हतं. किती थोडं चालतं ते आकड्यांत सांगितलं. ग्लुटेनमुक्त लिहिण्यासाठी जगात सर्वसाधारणपणे मान्य असलेली मर्यादा किलोभर पदार्थामागे २० मिलिग्रॅम ग्लुटेन एवढी आहे. ब्रेडच्या चुऱ्यातूनही आतड्याला इजा पोहोचू शकते, तीही वरून काही त्रास न जाणवता. त्यानंतर वेगळी चाळणी, वेगळा टोस्टर, तळणाचं वेगळं तेल हे सगळं त्यांनीच मनावर घेतलं. डब्यामागची यादी वाचायला दोघं शिकले. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, माल्ट बार्लीपासून होतं, दाट केलेल्या सूपमध्ये मैदा असू शकतो. तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी यांत ग्लुटेन नसतं, पण गहू दळलेल्या चक्कीतून आलेलं पीठ चालत नाही. ओट्स बहुतेकांना सोसतात, मात्र ते शुद्ध हवेत आणि डॉक्टरांना विचारूनच सुरू करावेत. ग्लुटेनमुक्त बिस्किटांवर दिवस काढू नयेत, त्यांत तंतू आणि लोह बरेचदा कमी असतं. म्हणून आहारतज्ज्ञ सोबत हवेतच.

गहू सोसत नाही अशा प्रत्येकाला एवढं कडक पथ्य लागतं असं मात्र नाही. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाने चुऱ्याच्या भीतीने मित्रांबरोबर जेवणं सोडलं होतं. त्याच्यात ती जनुकंच नव्हती, गव्हाची अ‍ॅलर्जीही नव्हती. गव्हात फ्रुक्टान नावाची शर्करासाखळी असते, तीच कांद्यात आणि लसणातही असते. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वतःला ग्लुटेन सोसत नाही असं मानणाऱ्या ५९ जणांना काय दिलंय ते न सांगता वेगवेगळे बार खायला दिले. त्यात ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टानने जास्त त्रास दिला. त्या तरुणाला प्रमाण सांभाळणं पुरेसं ठरलं. घरात वेगळी भांडी लागली नाहीत.

गहू खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, श्वास लागत असेल तर ती अ‍ॅलर्जी असू शकते. तिथे घरी पुन्हा खाऊन बघण्याचा प्रयोग कधीही करू नका. श्वास लागला तर तातडीने रुग्णालय गाठा. आणि शेकडो पदार्थांची आयजीजी (प्रतिपिंडांचा आणखी एक प्रकार) चाचणी करून "हे हे बंद करा" अशी यादी कुणी दिली तर तिच्यावर विसंबू नका. ती प्रतिपिंडं बहुधा तुम्ही ते पदार्थ खाता एवढंच दाखवतात.

निदान झाल्यावर शिक्षिकेला दिलासा मिळाला आणि थोड्याच दिवसांत राग आणि दुःखही आलं. आवडीचे पदार्थ कायमचे गेले, वर "कटकटी" हे विशेषण चिकटलं. ते दुःख मी आवरायला सांगितलं नाही. त्याच काळात आम्ही सोडलेले पदार्थ एकेक करून परत आणले, सगळ्यांत आधी डाळ. कुणी जेवायला बोलावलं तर त्या आदल्या दिवशी फोन करून काय चालतं ते सांगतात आणि शंका असेल तर स्वतःचा डबा नेतात. हाडांची घनता तपासून झाली आहे, प्रतिपिंडं उतरत आहेत. आतडं पूर्ण भरून यायला मोठ्या वयात वर्ष-दोन वर्षंही लागतात, हे त्यांना माहीत आहे. आई, भाऊ-बहीण, मुलं यांना हा आजार असण्याची शक्यता साधारण दहात एक असते. म्हणून त्यांची आई आणि बहीण आता तपासणीला निघाल्या आहेत, आणि दोघींनीही रिपोर्ट येईपर्यंत गहू चालूच ठेवला आहे.