कवच नाही, तरी मृदुकाय कसे?

प्रश्न : ऐरोलीच्या खाडीत शिंपले आणि कृमी शेजारीच दिसतात. मग खोल समुद्रातील बिनकवचाचे कृमीसारखे प्राणी शिंपले-गोगलगायींच्या मृदुकाय संघात का गणले जातात?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : रूपावरून आपली जशी फसगत होते, तशी पूर्वी अभ्यासकांचीही झाली होती. अॅप्लॅकोफोरा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्राण्यांच्या त्वचेत चुनखडीचे सूक्ष्म काटे असतात आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या तोंडात गोगलगायीसारखी, कानशीप्रमाणे घासणारी दातांची पट्टी आढळते. त्यांतील सोलेनोगॅस्ट्रेस गटात पायाची जागा पोटाखालच्या अरुंद खाचेने घेतली असून ते बहुधा प्रवाळांच्या नातलगांवर उपजीविका करतात. कॉडोफोव्हिएटा या दुसऱ्या गटातले प्राणी मात्र चिखलात डोके खाली खुपसून राहतात. 2011 मधील जनुकीय अभ्यासांनी त्यांचे जवळचे नाते काइटनशी, म्हणजे पाठीवर आठ पट्ट्यांचे कवच असलेल्या मृदुकाय प्राण्यांशी, जुळवले. आपल्या खाडीतले कृमी मात्र खरोखरच कृमी असावेत!