वाचकांचे प्रश्न : शेतीबाहेरचा रोजगार खरोखर वाढला का?

प्रश्न : माझे आजोबा कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. गिरणी बंद पडल्यावर वडील गवंड्याच्या हाताखाली गेले आणि मी धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. आमच्या गल्लीत "आते वावरमा कोन जास?" (आता शेतात कोण जातो?) असे सगळेच म्हणतात, तरीही देशातले जवळजवळ निम्मे कामकरी शेतीत आहेत असे छापून येते. मग शेतीबाहेरचा रोजगार वाढला, की वाढल्यासारखा वाटतो?
— एक वाचक, पारोळा

उत्तर : वाढला आहे, मात्र कोणत्या कामांमुळे वाढला, याचे उत्तर आपल्याच घराच्या तीन पिढ्यांत आहे.

जुन्या खानदेशात शेतीखेरीज कामे नव्हती, हा समज आधी दूर करावा लागेल. बलुत्यावर राबणारे सुतार, लोहार, कुंभार गावोगावी होते, तेल्यांचे घाणे होते आणि फैजपूरच्या रंगाऱ्यांचे नाव दूरवर होते. 1860 च्या दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली, तेव्हा गिरणीच्या स्वस्त कापडाने कोष्ट्यांचा धंदा मोडायला हातभार लागला, पण त्याच रेल्वेने यार्डात आणि इंजिनांच्या शेडमध्ये पगारी माणसांचा एक नवाच वर्ग उभा केला. 1870 च्या दशकात जळगावला आणि पुढे अमळनेर, धुळे येथे गिरण्या निघाल्या. 1945 मध्ये अमळनेरला भुईमुगाच्या तेलापासून वनस्पती तूप करणारा कारखाना स्थापन झाला, आजच्या विप्रोचे मूळ तेच. रेल्वे आणि भुसावळचा आयुध कारखाना सोडले, तर यातले बहुतेक उद्योग कापूस किंवा भुईमूग यांवरच उभे होते. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्यात, काम मिळे तेही कापूस येईपर्यंतच. हंगाम सरला की तोच मजूर पुन्हा वावरात. त्याला जनगणनेच्या कोणत्या रकान्यात घालायचे?

हा रकान्यांचा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. 1961 च्या जनगणनेत हंगामी कामासाठी, मोसमाच्या बहुतेक काळात रोज तासाभराहून अधिक नियमित काम करणारी व्यक्ती कामकरी धरली गेली. 1971 मध्ये माणसाचा मुख्य उद्योग कोणता एवढेच पाहिले गेले, आणि घर सांभाळून निंदणी-वेचणी करणारी बाई बहुधा 'गृहिणी' ठरली. देशातील कामकरी स्त्रियांची संख्या कागदावर जवळजवळ 6 कोटींवरून सुमारे 3 कोटींवर आली. एवढ्या बाया दहा वर्षांत घरी बसल्या नव्हत्या, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. 1981 पासून वर्षात निदान 183 दिवस काम केलेले ते मुख्य आणि त्याहून कमी केलेले ते सीमांतिक, असे कामकरी वेगळे केले गेले. म्हणून जनगणनांचे आकडे एकाखाली एक मांडून कल काढताना फार जपावे लागते.

रावेर-सावद्याकडचे उदाहरण घ्या. पहाटे बागेत केळीचे घड कापणारा मजूर शेतमजूर असतो. तेच घड डोक्यावरून बांधावर आणून दुपारी ट्रकमध्ये किंवा रेल्वेच्या वॅगनमध्ये रचू लागला की तो वाहतुकीत जातो. दिवस एक, माणूस एक, मजुरीही बहुधा एकाच मुकादमाकडून.

त्यामुळे ग्रामीण पुरुषांपुरते राष्ट्रीय नमुना पाहणीचे, म्हणजे सरकार निवडक घरांत विचारपूस करून काढते ते, आकडे मला अधिक भरवशाचे वाटतात. 1977-78 मध्ये ग्रामीण कामकरी पुरुषांतले सुमारे 81 टक्के शेतीत होते, 2011-12 मध्ये 59 टक्के उरले. ग्रामीण कामकरी स्त्रियांतील शेतीचे प्रमाण मात्र 88 वरून 75 पर्यंतच उतरले. पुरुष बाहेर पडले आणि वावर बायांच्या अंगावर राहिले, असाच याचा अर्थ. बाहेर पडलेले पुरुष मोठ्या संख्येने कारखान्यांत गेले असते, तर गोष्ट निराळी होती. ग्रामीण कामकरी पुरुषांतील बांधकामाचा वाटा याच काळात 1.7 टक्क्यांवरून 13 टक्क्यांवर गेला. आपले वडील त्याच वाटेने गेले. अशा कामाला ना भविष्य निर्वाह निधी, ना पावसाळ्यात हमी.

'निम्मे शेतीत' हेही खोटे नाही. सर्व कामकऱ्यांतील शेतीचा वाटा 2018-19 मध्ये 42.5 टक्के होता, तो 2020-21 मध्ये 46.5 झाला, कारण टाळेबंदीत शहरांतून परतलेल्यांना वावराखेरीज आधार नव्हता. त्यानंतर 2023-24 पर्यंतही तो फारसा खाली आला नव्हता. शिवाय आपल्याकडची पुष्कळ माणसे सुरतेला, उधना-लिंबायतकडे राहतात. त्यांचे काम खानदेशाच्या नव्हे, गुजरातच्या आकड्यांत पडते.

प्रश्न : जनगणनेच्या तक्त्यातील 'इतर कामगार' म्हणजे नेमके कोण? — एक विद्यार्थिनी, शहादा

उत्तर : शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातील माणसे वगळून उरलेले सगळे. प्राध्यापक, रिक्षावाला, गिरणी कामगार, पानटपरीवाला आणि जिल्हाधिकारी हे सर्व एकाच रकान्यात बसतात. देशात त्यांचे प्रमाण 2001 मध्ये 37.6 टक्के आणि 2011 मध्ये 41.6 टक्के होते. प्रकल्पासाठी 1961 ची तुलना करणार असाल, तर तेव्हाच्या नऊ गटांतील खाणकाम, कारखाने, बांधकाम, व्यापार, वाहतूक आणि सेवा यांची बेरीज करावी. खाणींच्या गटात पशुपालन, मासेमारी आणि वनकामही मिसळलेले आहे, ते तळटीप देऊन नोंदवावे.