लाइनमन असतील तर लाइनमनच लिही

इंदूर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची आजोबांच्या पदकांची छायाचित्रे मिळाली. आजोबांच्या वर्षश्राद्धाला घरच्यापुरती स्मरणिका काढायची, तीत ‘1971 च्या युद्धात शौर्यपदक मिळाले’ असे छापायचे हा काकांचा हट्ट, आणि ट्रंकेत सापडलेल्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे त्यांच्या सैन्यातल्या नोकरीच्या नोंदवहीत, मात्र सिग्नल्समधील (सैन्याच्या संदेशवहन दलातील) लाइनमन एवढीच नोंद. तेव्हा खरे लिहावे तर आजोबा लहान होतात आणि खोटे लिहावे तर आपण, असा तुझा पेच आहे. या पेचाचा पहिला अर्धा भाग मला मान्यच नाही. खरे लिहिल्याने आजोबा लहान होतात, हे तुझ्या डोक्यात कोणी भरवले?

आधी पदकांचा निकाल लावू. काका ज्याला शौर्यपदक म्हणतात ते स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक आहे. 15 ऑगस्ट 1972 रोजी जे जे सेवेत होते त्या सर्वांना ते मिळाले. शौर्यपदकांची नावे राजपत्रात छापली जातात, त्यामुळे अशी थाप महूच्या छावणीतला कोणताही निवृत्त सुभेदार चहा संपायच्या आत पकडेल. पण तुझ्या छायाचित्रात कोपऱ्यात पडलेला, कोणीही न पुसलेला ‘पश्चिमी स्टार’ नावाचा पदक-तारा आहे, त्याकडे घरात एकाचेही लक्ष गेलेले दिसत नाही! तो पश्चिमेकडील युद्धक्षेत्रात सेवा केलेल्यांना दिला गेला. म्हणजे डिसेंबर 1971 मध्ये तुझे आजोबा खरोखर तिकडे होते. भिंग घे आणि पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत कोरलेला क्रमांक, हुद्दा आणि नाव उतरवून काढ. डिस्चार्ज बुकातल्या क्रमांकाशी ताडून पाहा.

आता लाइनमन म्हणजे काय, ते काकांना समजावून सांग. पुढच्या ठाण्यापासून मागच्या मुख्यालयापर्यंत टेलिफोनची तार जमिनीवरून अंथरलेली असते. तोफगोळा पडला की ती तुटते, आपल्याच रणगाड्याचा पट्टा वरून गेला तरी तुटते. मग तारेचा ड्रम पाठीवर घेऊन, अंधारात, दिवा न लावता, तार हाताने चाचपत तुटलेल्या टोकापर्यंत जायचे, दुसरे टोक शोधायचे, जोडायचे, फोन लावून दोन्हीकडचा आवाज येतो की नाही ते पाहायचे, आणि परत येईपर्यंत ती दुसरीकडे तुटली असेल तर पुन्हा निघायचे. ‘शौर्यपदक’ हा एक शब्द छापला की हे सगळे पुसले जाते, कारण मग वाचणारा मनातल्या मनात बंदूक आणि बुरूज पाहतो, तार कोणालाच दिसत नाही. जेवढे केले तेवढेच लिहावे, पण तेवढे सगळे लिहावे. मी इतकी वर्षे हेच सांगत आलो आहे आणि लोक इतकी वर्षे कंटाळत आले आहेत.

माझे वडील पलटणीत कुक होते. आमच्या रामबागेतल्या नातेवाइकांत ‘फौजेत होते’ एवढेच सांगून विषय बदलला जाई. दिवसा धूर दिसू नये म्हणून रात्री भट्टी पेटवायची, पहाटेपूर्वी पुऱ्या, भाजी आणि शकरपारे पुढच्या खंदकांपर्यंत पोहोचवायचे, हे त्यांनी केले. उजव्या हातावर कोपरापर्यंत तेलाने भाजल्याचे डाग होते आणि लग्नकार्यात ते पूर्ण बाहीचा सदरा घालून ते झाकत. ते गेल्यावर एका मंडळाने माजी सैनिकांच्या कुटुंबांचा सत्कार केला आणि निवेदकाने ‘रणांगणावर शत्रूला भिडलेले वीर’ अशी त्यांची ओळख करून दिली. मी तिथेच माईक मागून घेतला आणि ते स्वयंपाकी होते, असे सांगितले. सभा अवघडली, माझा चुलत भाऊ पुढे कित्येक वर्षे माझ्याशी बोलला नाही, वडिलांचा चारचौघांत पाणउतारा केला म्हणून. पाणउतारा मी केला की ज्यांना त्यांचे खरे काम उच्चारवेना त्यांनी? आजही तसा प्रसंग आला तर मी माईक मागेन. शाल मात्र आईने ठेवून घेतली, चांगली ऊबदार होती.

तू महूला जाऊन आलीस असे लिहितेस. 14 एप्रिल 1891 रोजी बाबासाहेबांचा जन्म तिथल्या छावणीत झाला, कारण वडील सुभेदार रामजी सकपाळ तिथे सैन्याच्या शाळेत शिकवत होते. रामजींची थोरवी सांगताना कोणाला त्यांच्या हाती तलवार द्यावी लागते का? ते शिकवत होते, असे सरळ लिहितात. मग तुझ्या आजोबांच्याच वाट्याला ही उसनी वस्त्रे का?

जेवढे केले तेवढेच, पण तेवढे सगळे. यातला दुसरा भाग अवघड आहे आणि तिथे तू आळस करते आहेस, हे स्पष्ट सांगतो. डिस्चार्ज बुकातून तारखा मिळतील, ट्रेड (सैन्यातले काम) मिळेल, माणूस मिळणार नाही. पत्रांवर नुसते ‘56 ए.पी.ओ.’, म्हणजे सैन्याच्या टपाल कार्यालयाचा क्रमांक, असेल, कारण सैनिक नेमका कुठे आहे हे पत्त्यावरून कळू नये अशीच ती व्यवस्था आहे. माझ्या आईने वडिलांची सगळी पत्रे एका दुपारी बंबात घातली. त्यात रडण्यावाचून काही नाही, म्हणाली. त्यामुळे ते 1965 च्या हिवाळ्यात कुठे होते, हे मला आता कोणत्याही कचेरीतून समजणार नाही, आणि ही बोच जात नाही. तुझी आजी हयात आहे, बोलती आहे, आणि तू मला पत्रे लिहीत बसली आहेस!

तिला ‘युद्धाच्या आठवणी सांग’ असे विचारू नकोस, ती ‘काही नाही गं’ म्हणेल. मनीऑर्डर किती दिवसांनी यायची, डिसेंबरमध्ये रेडिओ कोणाकडे ऐकायला जायची, खिडक्यांना काळा कागद कोणी लावून दिला, सुटीवर आलेल्या आजोबांना झोप लागायची का, असे विचार. तिच्याच शब्दांत उतरव, खाली तारीख घाल. तिला एखादी गोष्ट चुकीची आठवत असेल तर दुरुस्त करू नकोस, बाजूला तुझी टीप लिही. आणि घर एकटीने सांभाळलेली ती वर्षेही स्मरणिकेत येऊ दे. काकांना त्यावेळी गोवर आला होता, असे तूच लिहिले आहेस.

काका रागावतील, रागावू देत. मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी मला पाठवू नकोस. त्यांच्यासमोर बसून त्यांना वाचून दाखव, आणि तार जोडण्याचा भाग सावकाश वाच.

तुझा,
सर