जुलैतला निर्णय मे महिन्यात

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. आई आणि आजी महाड तालुक्यातल्या वाडीवर, तू मुंबईत, घराच्या पाठीमागे डोंगर. ‘पाऊस वाढला की फोन करून त्यांना शाळेत जायला सांगेन’, असा तुझा बेत. त्यात एक गफलत आहे. पाऊस वाढला की आधी वीज जाते, मग काही तासांत टॉवरची बॅटरी संपते, आणि तुला फोन करावासा वाटेल नेमका तेव्हाच तो लागत नाही. जे तू फोनवर सांगणार आहेस, ते घरात आधीच ठरलेलं हवं.

तारखा बघ. जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या तुझ्याच तालुक्यातल्या गावांवर दरडी आल्या त्या २५-२६ जुलै २००५ ला. माळीण ३० जुलै २०१४. तळिये २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. सगळ्या १९ ते ३० जुलै या बारा दिवसांच्या पट्ट्यात. ऑगस्ट निर्धास्त असतो असं नाही, पण कारण समजण्यासारखं आहे. जूनचा पाऊस डोंगरावरची माती भिजवून जड करतो. त्या भिजलेल्या मातीवर जुलैत सलग झोड बसली की खालच्या कातळाला टेकून पाणी साचतं, त्याच्या दाबाने मातीची कातळावरची पकड सुटते. चाकरमानी मात्र मे महिन्यात येतो आणि मग गणपतीला. धोका या दोन फेऱ्यांच्या मधे बसलेला आहे, म्हणून सगळी कामं मे महिन्यात.

घरी गेलास की आधी परड्यात जा. मागची खोली वाढवायला डोंगराचा पाय जेसीबीने कापला आहे का? उभा काप हे कोकणात दरडीला दिलेलं सरळ आमंत्रण. त्यावर उपाय म्हणून लोक चार फुटी चिऱ्यांची भिंत बांधतात आणि निश्चिंत होतात. पाण्याला वाट नसलेली भिंत पाणी अडवून धरते, आणि मागचा दाब वाढला की भिंतीसकट माती स्वयंपाकघरात येते. भिंतीत दर दीड मीटरला तीन-चार इंची पीव्हीसी नळी हवी, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, आणि भिंतीमागे खडीचा थर. तेवढ्यानेही डोंगर थांबत नाही. फक्त कापाची किरकोळ पडझड थांबते. खरा उपयोग कापाच्या डोक्यावर काढलेल्या पक्क्या गटाराचा. वरून येणारं पाणी कापावर न पडता कडेच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, गेलं पाहिजे. शेजाऱ्याच्या छपरावर नव्हे. घराच्या वरच्या अंगाला पाणी जिरवायचे चर, शोषखड्डा, पाण्याची टाकी यातलं काहीही नको. घाटावरच्या कोरड्या माळाला जे चर वरदान ठरतात तेच इथे तीव्र उतारावर, घराच्या डोक्यावर, मातीत पाणी भरायचं काम करतात. गावात एखादी योजना आली की हा मुद्दा ग्रामसभेत मांडायला कचरू नकोस.

मग अर्धा तास चढून वर बघ. जमिनीला आडवी, कमानीसारखी भेग दिसते का. दिसली तर लोक तिच्यात दगड टाकतात, ते चूक. दगडांतून पाणी बिनदिक्कत आत जातं. चिकण माती ठासून भर, वर प्लॅस्टिकचा कागद अंथर, कडा मातीत दाब आणि भेगेच्या वरून पाणी बाजूला वळव. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी गज रोव, दोन गजांच्या टोकांमधलं अंतर पोलादी टेपने मोजून वहीत लिही. पावसाळ्यात कोणीतरी आठवड्याला एकदा, उघडीप असताना, मोजायचं. अंतर सेंटीमीटरभर जरी वाढलं तरी घर सोडायचं आणि तहसीलदारांना लेखी कळवायचं. गाव दरडप्रवण यादीत आहे की नाही हे तहसील कार्यालयात विचारून ठेव, पण यादीत नाव नाही म्हणून झोप लागू देऊ नकोस. इर्शाळवाडी यादीत नव्हती.

आता पाऊस मोजण्याबद्दल. मोबाइलवर येणारा इशारा जिल्ह्यासाठी असतो, आणि रायगडात समुद्रकाठचा पाऊस वेगळा, सह्याद्रीच्या पायथ्याचा वेगळा. घरचं मोजमाप हवं. बूड आणि तोंड सारख्याच रुंदीचं असा सरळ उभा डबा घे, किमान ३० सेंटीमीटर उंचीचा. बादली चालत नाही. ती खाली अरुंद असल्याने आकडा फुगतो. नरसाळं लावू नकोस, त्याने हिशोब बिघडतो. डबा अंगणात उघड्यावर, झाड आणि छप्पर जितकं उंच त्याच्या दुप्पट अंतरावर, पागोळीपासून लांब, फूटभर उंच दगडावर घट्ट बसव. नाहीतर जमिनीवरचे शिंतोडे आत जातात. आत मोजपट्टी उभी धरायची, जितके मिलिमीटर पाणी तितका पाऊस. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी सहाला मोजायचं, लिहायचं, डबा ओतायचा. वेधशाळेचा दिवसही सकाळी साडेआठलाच बदलतो, म्हणजे आकडे ताडून बघता येतात. चोवीस तासांत २०४.४ मिमीच्या वर गेलेला पाऊस वेधशाळा सर्वांत वरच्या वर्गात धरते.

घरासाठी नियम असा कर. चोवीस तासांचा पाऊस २०० मिमीच्या पुढे, किंवा दोन दिवसांची बेरीज ३०० च्या पुढे गेली, की त्या रात्री त्या घरात झोपायचं नाही. दिवसभरात १०० ओलांडला आणि संध्याकाळी सहाला जोर कायम असला, तरीही नाही. हे आकडे काही शास्त्राने आखलेली रेषा नव्हेत. सुरुवात करायला माझ्या अंदाजाने दिले आहेत. डोंगरागणिक ते बदलतात. पहिल्या वर्षी काही रात्री फुकट जातील, आजी चार गोष्टी ऐकवेल. दोन पावसाळ्यांची वही हातात आली की आकडा वरखाली कर, पण भर पावसात नको, पुढच्या मे महिन्यात कर.

काही खुणा दिसल्या तर डबा बघत बसायचं नाही. मुसळधार चालू असताना पऱ्याचं पाणी एकाएकी आटलं, तर वर कुठेतरी माती पडून ते अडलं आहे आणि अडलेलं पाणी फुटून येणार आहे. नितळ वाहणारा झरा गढूळ झाला, पायथ्याला नवीनच पाझर फुटला, विजेचा खांब किंवा ताठ झाडं कलली, दगड गडगडल्याचा आवाज आला, तर तत्क्षणी निघायचं. दार घट्ट बसणं ही खूण मात्र एकटी धरू नकोस, लाकडी दार पावसात फुगतंच. चौकट तिरकी झाली आणि तिच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरपी भेग गेली असेल, तर ती खरी. पळताना उताराने सरळ खाली धावायचं नाही. माती त्याच वाटेने येते आणि जास्त वेगाने येते. आडवं, बाजूला, पऱ्यापासून लांब जायचं.

जायचं कुठे हे ‘शाळेत’ इतक्यावर सोडू नकोस. शाळा डोंगराच्या पायथ्याशी नाही ना, वाटेत पऱ्या ओलांडावा लागतो का, चावी कोणाकडे असते, हे बघ. महाड शहराकडे जायचा विचारच नको. डोंगरावर जो पाऊस दरड आणतो तोच सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत आणतो. २०२१ मध्ये रस्ते पाण्याखाली आणि दरडींखाली होते, म्हणून तळियेला मदत पोचायला उशीर झाला. पऱ्याच्या अलीकडचं, सपाटीवरचं एखादं घर शोध, त्यांच्याशी मे महिन्यातच बोल, आणि एकदा आजीला घेऊन घड्याळ लावून चालून बघ. वीस मिनिटं लागली तर अंधारात, पावसात चाळीस धर. आजीला चालवत नसेल तर हातांची खुर्ची आणि ती उचलणारी दोन माणसं नावानिशी ठरलेली हवीत.

घर सोडायला नकार बहुतेक वेळा गुरांपायी येतो. म्हणून गुरांची सोय आधी कर. त्या घराच्या गोठ्यात दोन दावी मागून ठेव, तीन दिवसांचा पेंढा आधीच नेऊन टाक, एका गाईला दिवसाला पाच-सहा किलो. निघायला उशीर झाला तर दावं कोयत्याने तोडून गुरं मोकळी सोडायची. ती बरोबर नेण्यात वेळ दवडायचा नाही.

पिशवीचं फार अवडंबर नको. रक्तदाबाच्या गोळ्या आठवडाभराच्या, सातबारा, आधार, पासबुक प्लॅस्टिकमध्ये, बॅटरी आणि जादा सेल, शिट्टी, बटणांचा साधा फोन, चिवडा, गूळ, माणशी दिवसाला तीन लिटर या हिशोबाने पाणी. पिशवी दाराजवळच्या खुंटीला, माळ्यावर नाही. १०७७ हा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर आणि ११२ भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगव. फोन बंद पडले तर देवळाची घंटा किती टोल वाजली की निघायचं, हे वाडीने मिळून ठरवायचं. निघताना मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद. घराचे आतून-बाहेरून फोटोही मे महिन्यातच काढून ठेव, पंचनाम्याला उपयोगी पडतात.

पाऊस थांबला की आई लगेच परत जायला निघेल. ऊन पडल्यावरही आत साचलेलं पाणी डोंगरातून उतरतच असतं. निदान एक पूर्ण दिवस कोरडा जाऊ दे. मग उजेडात कोणीतरी वर जाऊन गजांमधलं अंतर मोजून यावं, पऱ्याचं पाणी नितळ झालंय का बघावं, आणि मगच चूल पेटवावी.

सुट्टी कधीची मिळते ते कळव. पोलादी टेप मुंबईहूनच घेऊन जा, पाच मीटरचा पुरे.

तुझा,
काका