आजारी जॉर्डन आणि पाचवा फाउल

प्रश्न : सर, माझा मुलगा नववीत आहे आणि शाळेच्या बास्केटबॉल संघात खेळतो. मावसभावाने त्याला जुना प्लेस्टेशन ३ आणि ‘एनबीए २के११’ नावाचा गेम दिलाय. रोज संध्याकाळी दीड तास त्याच्यासमोर असतो. विचारलं की म्हणतो, “आई, प्रॅक्टिसच करतोय.” हे खरं, की मला बनवतोय?
– एक आई, सातारा

उत्तर : अर्धं खरं आहे, ताई. कुठलं अर्धं तेही सांगतो, कारण हाच गेम माझ्याकडे आहे आणि माझी बायकोही हेच विचारते. फक्त तिचा सूर वेगळा असतो.

गेम २०१० चा. कव्हरवर अमेरिकेचा बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन. तो निवृत्त होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. नव्वदच्या दशकातल्या बहुतेक गेममध्ये तो नसायचाच, कारण स्वतःच्या नावाचे हक्क त्याने खेळाडूंच्या सामायिक करारातून बाहेर ठेवले होते. इथे मात्र तो त्याच्या दहा गाजलेल्या सामन्यांसकट हजर आहे. त्यातला एक तुमच्या मुलाला माझ्यातर्फे खेळायला सांगा : अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या १९९७ च्या फायनलमधला युटाविरुद्धचा पाचवा सामना. खऱ्या सामन्यात आजारी जॉर्डन ४४ मिनिटं खेळला, ३८ गुण केले आणि त्याचा संघ शिकागो ९०-८८ असा जिंकला. गेममध्येही त्या दिवशीचा जॉर्डन लवकर दमतो. मी तीनदा हरलो, कारण दर वेळी बॉल त्याच्याच हातात आणि त्याला पळव-पळव पळवलेला. चौथ्या वेळी बॉल पुढे आणायचं काम त्याचा साथीदार पिपेनला दिलं, जॉर्डनला कोपऱ्यात उभा राहून श्वास घेऊ दिला आणि शेवटासाठी राखून ठेवला. दमलेल्या माणसाला कसं वापरायचं हे मी पोरांना फळ्यावर खडू घासून शिकवतो. या गेमने मलाच तीन हरलेल्या सामन्यांत शिकवलं.

शॉटचंही चांगलं आहे. कंट्रोलरची स्टिक ओढून धरायची आणि उडीच्या टोकाला सोडायची. प्रत्येक खेळाडूची सोडण्याची वेळ वेगळी. तोंडावर बचावपटू असेल तर वेळ अचूक साधूनही बॉल रिंगवर आपटून बाहेर येतो. म्हणजे आधी जागा मोकळी करा, मग मारा. आमची निम्मी पोरं हे उलट करतात.

आता खोट, आणि ती खेळाच्या अगदी मुळाशी आहे. ती म्हणजे पास. कॉम्प्युटरचा बचावपटू पाठ करून उभा असतो, बॉलकडे बघतही नसतो आणि तरी हात मागे टाकून तुमचा पास अडवतो. असं सामन्यात दहादा झालं की पोरगं पास करणंच सोडून देतं. माझ्या संघातला एक मुलगा याच गेमचा भक्त. परवा प्रॅक्टिसला डावीकडे साथीदार मोकळा, तरी हा एकटाच तिघांत घुसला. विचारलं, तर म्हणे, “सर, कापला गेला असता.” अरे, कोण कापणार होतं? त्या बाजूला शाळेच्या कडुलिंबाशिवाय कुणी नव्हतं! उपाय आहे. गेमच्या सेटिंगमध्ये स्लायडर असतात. तिथे कॉम्प्युटरची बॉल चोरण्याची ताकद खाली आणायची. लांबच्या तिरक्या पासऐवजी दोन आखूड पास द्यायचे. ही सवय कोर्टवरही वाया जात नाही.

‘माय प्लेयर’ नावाचा एक भाग आहे. त्यात आपण संघातला एकच खेळाडू, तोही सुरुवातीला अगदी कच्चा. लेअप, म्हणजे बास्केटखालून टाकायचा सोपा शॉटसुद्धा चुकतो, आणि तासन् तास हे चालतं. मुलं कंटाळतात, मीही कंटाळलो. पण तिथे तुम्ही साथीदार म्हणून कसे आहात याची ग्रेड मिळते : वाईट शॉट घेतला, आपला माणूस मोकळा सोडला की ती घसरते. मुलाला “किती पॉइंट केलेस?” असं विचारू नका, ग्रेड विचारा. चेहरा पाहण्यासारखा होईल.

ऑनलाइन खेळणं कधीच बंद झालंय. तुमच्या दृष्टीने बरंच. नंतरच्या आवृत्त्या खेळाडू सुधारायला सारखे पैसे मागतात, हा नाही मागत. पाय, दम, रिबाउंडसाठी, म्हणजे हुकलेला बॉल पकडायला, पाठ लावून अंगावर माणूस पेलणं, हे सोफ्यावर मिळत नाही, तेव्हा दीड तासाचा पाऊण तास करा आणि उरलेला पाऊण तास दोरीच्या उड्या.

एक गोष्ट मात्र स्पर्धेआधी त्याला जरूर सांगा. गेममध्ये नियम अमेरिकेतल्या एनबीएचे आहेत, आपल्याकडे चालतात ते फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे. तिथे सहाव्या फाउलला बाहेर, इथे पाचव्याला. तिथली तीन गुणांची रेषा ७.२४ मीटरवर, आपली ६.७५ वर. तिथे खेळाडू स्वतः टाइमआउट मागू शकतो. इथे तो प्रशिक्षकानेच स्कोअररच्या टेबलवर मागायचा असतो. आमचा तोच कडुलिंबवाला शेवटच्या मिनिटाला बॉल छातीशी धरून “टाइमआउट, टाइमआउट!” ओरडत उभा राहिला. पंचांनी ढुंकूनही पाहिलं नाही, समोरच्या पोराने बॉल हिसकावला आणि आरामात लेअप टाकला. मी टेबलापासून चार पावलांवर होतो.