‘त्याला काय विचारायचं, आम्ही आहोत की’ : ऑटिझमच्या रिसर्चचा फॉर्म आला तर

हल्ली हा प्रश्न वाढलाय. कुणीतरी विद्यार्थी नाहीतर डॉक्टर ऑटिझमवर (मराठीत स्वमग्नता) रिसर्च करत असतो, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म येतो आणि आईबाप माझ्याकडं येतात, मॅडम, सही करू का नको? पोरावर काही प्रयोग तर करणार नाहीत ना ही भीती असतेच, पण त्याहून जास्त ऐकू येतं ते हे, की त्याला काय विचारायचं, त्याला कुठं सांगता येतंय, आम्ही आहोत की.

सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहणारं एक कुटुंब (ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडं केलंय). घरातच यंत्रमाग, टॉवेलचं काम, घरात बोलणं तेलुगू आणि बाहेर मराठी. पोरगा 20 वर्षांचा, ऑटिस्टिक, तोंडानं फार कमी बोलतो पण मोबाईलवर टाइप करतो, तेही मराठीत. फॉर्म एका पदव्युत्तर शिकणाऱ्या मुलीच्या प्रोजेक्टचा होता, विषय ऑटिस्टिक तरुणांच्या ‘वर्तन समस्या’. सगळी उत्तरं आईनं द्यायची, पोराचं फक्त नाव वरच्या रकान्यात. त्यांनी अर्धा भरूनच आणला होता.

मी विचारलं, ताई, त्याला दाखवला का हा? त्या हसल्या, म्हणाल्या त्याला काय कळणार यातलं. तो शेजारीच बसलेला. मी फॉर्म त्याच्यापुढं सरकवला आणि म्हटलं वाच, जे पटत नाही ते मोबाईलवर लिही, घाई नाही.

प्रश्न होता, ‘कारण नसताना ओरडतो का?’ आईनं ‘नेहमी’ला टिक केलेली. त्यानं टाइप केलं, ‘कारण आहे. बाजूचा बोअर.’ सोलापुरात नळाला पाणी काही रोज येत नाही, त्यामुळं शेजाऱ्यांची बोअरची मोटर कधीही धाडकन चालू होते. आई म्हणाली, आता बघा मॅडम, दिवसभर मागाची खटखट चालते ती चालती याला! त्यावर त्यानं लिहिलं, ‘मागाचा पुढचा आवाज कधी येणार ते कळतं.’ बाई गप्पच झाल्या. इतकी वर्षं एका छताखाली राहून हे त्यांना माहीत नव्हतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही, बाहेरून ओरडणं दिसतं, मोटर दिसत नाही. पण फॉर्म तसाच गेला असता तर रिसर्चमध्ये ‘विनाकारण ओरडतो’ एवढंच गेलं असतं.

पुढचा प्रश्न, एकटं राहायला आवडतं का. तो अडकला. ‘एकटं म्हणजे खोलीत कोणी नाही, का आहे पण बोलत नाही?’ मला विचाराल तर हा प्रश्न तयार करणाऱ्यांनाच आधी पडायला पाहिजे होता. अमेरिकेत 2006 पासून ‘आस्पायर’ नावाचा गट आहे, त्यात ऑटिस्टिक माणसं आणि संशोधक मिळून रिसर्च करतात. वयानं मोठ्या ऑटिस्टिक लोकांसाठी प्रश्नावल्या तयार करताना त्यांनाही हेच भेटलं, की मोघम शब्दांवर लोक अडतात. मग त्यांनी प्रश्नाच्या आधी दोन ओळींची माहिती दिली, अवघड शब्दाचा अर्थ तिथंच दिला, ‘कधीकधी’, ‘बऱ्याचदा’ असल्या पर्यायांना चित्रं जोडली. यात काही फार खर्च नाही हो, फक्त आधी विचारावं लागतं.

आणि विचारलं की नुसती उत्तरं बदलत नाहीत, प्रश्नच बदलतो. वर्षानुवर्षं असंच धरून चालले होते की ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले इंग्लंडमधले समाजशास्त्रज्ञ, त्यांनी 2012 मध्ये मांडलं की न कळणं दोन्ही बाजूंनी आहे, तुम्हालाही आमचं कळत नाहीच की. मग 2020 मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी कानगोष्टींसारखी चाचणी घेतली, एकानं दुसऱ्याला गोष्ट सांगायची, त्यानं तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली जितकी ऑटिस्टिक नसलेल्यांच्या साखळीत. गळती जास्त झाली ती मिसळलेल्या साखळीत.

न विचारता केलं तर काय होतं तेही बघा. इंग्लंडमध्ये 2021 मध्ये 10,000 ऑटिस्टिक लोकांचा डीएनए गोळा करायचा ‘स्पेक्ट्रम 10के’ नावाचा मोठा प्रकल्प जाहीर झाला, हा डीएनए पुढं कशाला वापरणार म्हणून ऑटिस्टिक लोकांनीच आवाज उठवला आणि काही आठवड्यांतच तो थांबवावा लागला.

आता सहीचं. बऱ्याच जणांना वाटतं आईबापाची सही झाली की विषय संपला. तसं नाहीये. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यात ऑटिझम आहे, कलम 6 स्वच्छ सांगतं की दिव्यांग माणसावर रिसर्च करायचा तर त्याची स्वतःची, मोकळेपणानं दिलेली संमती पाहिजे, आणि ती त्याला समजेल अशा पद्धतीनं घेतलेली पाहिजे. वर सरकारनं नेमलेल्या समितीची परवानगी, त्या समितीतही निम्मे तरी सदस्य दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे असावेत असं लिहिलंय. कायद्यात आहे म्हणजे सगळीकडं होतंच असं नाही, त्यामुळं फॉर्म आणणाऱ्याला सरळ विचारायचं, परवानगी कुणाची घेतलीय, दाखवा. आणि रिसर्चच्या नावाखाली कुणी स्टेम सेलच्या उपचाराचे लाखभर रुपये मागत असेल तर उठून घरी या, ऑटिझमसाठी तो मान्यताप्राप्त उपचार नाही.

या पोराच्या वडलांचा एक आक्षेप होता, तो मला रास्त वाटतो. म्हणाले, मॅडम, आमचा टाइप तरी करतो, ज्यांना तेही येत नाही त्यांचं काय, परदेशातली बोलणारी चार माणसं सगळ्यांच्या वतीनं बोलणार का? बरोबर आहे. न बोलणाऱ्यांपर्यंत रिसर्च फार कमी पोचतो, हे खरंच. पण त्याचं उत्तर सगळ्यांनाच गप्प बसवणं नाही ना. फोटो दाखवून निवडायला लावता येतं, हवं-नको कार्ड देता येतं, आणि मूल उठून दाराकडं गेलं तर ते ‘नाही’ आहे असं धरायचं, खाऊ देऊन परत बसवायचं नाही. अशा मुलांच्या आईबापांचं म्हणणं लागतंच, फक्त ते आईबापांचं म्हणणं म्हणून लिहून घ्यावं, मुलाचं म्हणून नाही.

त्या विद्यार्थिनीला मी तिघांसमोरच फोन लावला. पोरगी चांगली निघाली, प्रश्न आधी पाठवते म्हणाली, उत्तरं व्हॉट्सॲपवर टाइप करून चालतील म्हणाली, ओरडण्याच्या प्रश्नाला ‘त्याआधी काय झालं होतं’ हा रकाना जोडला. शीर्षकातलं ‘समस्या’ काही गेलं नाही, तिचे गाइड म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापक ऐकेनात. व्हिडिओ काढायला पोरानं नको म्हटलं, आईला वाटलं आता ती रागवेल, तर ती म्हणाली ठीक आहे, नको तर नको. मधेच सोडून द्यावंसं वाटलं तरी सोडता येतं हेही तिनं त्याला लिहून पाठवलं.

त्याचा शेवटचा मेसेज मात्र तिला अपेक्षित नव्हता : ‘कॉलेजला यायला रिक्षाचे पैसे कोण देणार?’ आईला लाजल्यासारखं झालं, अरे असं विचारतात का. मी म्हटलं, विचारू दे की ताई, आयसीएमआर म्हणजे वैद्यकीय रिसर्चची सरकारी परिषद, तिच्या नियमांत येण्याजाण्याचा खर्च देता येतो. गाइडकडून मंजुरी आणायला तिला आठवडा लागला. आणली.